जांभळी पेन्सिल

पॅथॉलॉजीत नवा इंटर्न यायचा असला की मोंजी आदल्या दिवशीच कोंबडीचं काळीज आणून फ्रिजमध्ये ठेवायचा. खायला नव्हे. स्फाक्स शहरातल्या त्या इस्पितळात तो सव्वीस वर्षं टेक्निशियन होता, आणि सव्वीस वर्षांत त्याच्या तावडीतून एकही डॉक्टर सुटला नव्हता.

चेहरा असा करायचा की जसा काही मय्यतीलाच आलाय. नव्या पोराच्या हातात काळजाचा तुकडा द्यायचा, अंगठ्याएवढी जाळीदार प्लास्टिकची डबी द्यायची, आणि कानावरची पेन्सिल काढून द्यायची. "नंबर लिही. पेन वापरायचं नाही, अल्कोहोलमध्ये शाई धुऊन जाते. पेन्सिलीचं लिहिलेलं कयामतीपर्यंत राहतं." पोरगा मान डोलवून वळणदार आकडे काढायचा. मोंजी डबी अल्कोहोलमध्ये बुडवायचा. आकडे गायब, भांडं जांभळं.

"मारलास की रे पेशंट," मोंजी म्हणायचा, आणि अख्खी लॅब पोट धरून हसायची.

ती साधी पेन्सिल नव्हतीच. कॉपिंग पेन्सिल. दिसायला शिशाची, ओली झाली की जांभळी शाई. मोंजीचा बाप बंदरावर फॉस्फेटच्या वॅगनी मोजायचा, त्याच्या मागे अशा पेन्सिलींचं एक खोकं राहिलं होतं. त्यातली ही शेवटची, बोटभर उरलेली. गंमत संपली की मोंजी ती आपल्या खणात ठेवून कुलूप लावायचा. तेवढं मात्र तो कधी विसरला नव्हता.

रिहाब त्रिकीसुद्धा पहिल्या दिवशी फसलीच. पण ती चिडली नाही. भांडं खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि म्हणाली, "अम् मोंजी, रंग झकास आहे. माझ्या आत्यानं लग्नात असाच झगा घातला होता. तो संसारही असाच धुऊन गेला."

सगळे इंटर्न त्याला अम् मोंजी म्हणायचे, काकाच तो सगळ्यांचा. पण त्या दिवसापासून ही एक पुतणी त्याची लाडकी झाली. बाकीच्यांना काचेवर डाग दिसायचा, हिला दुसऱ्या महिन्यात पेशी दिसायला लागल्या. मोंजीनं तिला तुकडा बसवायचं मेण किती गरम हवं ते बोटानं ओळखायला शिकवलं, तुकडा कापताना पात्याचा आवाज बदलला की थांबायला शिकवलं.

"घरचे काय म्हणतात?" त्यानं एकदा विचारलं.

"बाबा मासळीबाजारात बसतात, ते म्हणतात, चिरफाडच करायची होती तर माझ्या शेजारी बसायचं होतंस. आई म्हणते, त्वचेची डॉक्टर हो. पेशंट मरत नाहीत आणि बरेही होत नाहीत."

"आईला अक्कल आहे."

"मला हेच हवंय, अम् मोंजी."

हवं असून भागत नव्हतं. रेसिडेन्सीच्या, म्हणजे विशेषज्ञ व्हायच्या परीक्षेत रिहाबचा क्रमांक एकशे सत्त्याऐंशीवा आला होता. निवडीच्या दिवशी मोठ्या सभागृहात क्रमांकानं नावं पुकारतात. ज्याचं नाव येईल त्यानं उठायचं, माइकवर जागा सांगायची, फळ्यावरून ती जागा खोडली जाते. स्फाक्समध्ये पॅथॉलॉजीच्या दोन जागा होत्या आणि तिच्या पुढच्यांपैकी एकालाच ती हवी होती. म्हणजे दुसरी तिची. फक्त इंटर्नशिपच्या वहीत सगळ्या विभागप्रमुखांच्या सह्या हव्या होत्या. एकच सही राहिली होती, पॅथॉलॉजीच्या मादाम सलवांची.

निवडीला नऊ दिवस उरले होते. डिसेंबरातला मंगळवार. रिहाब संध्याकाळच्या चौदा डब्यांवर नंबर घालत होती. बाराव्या डबीचा नंबर पुरा होताच तिच्या पेन्सिलीचं टोक तुटलं. शार्पनर सापडेना, मशीन सुरू करायची वेळ झालेली. मोंजी खाली कॉफीला गेला होता, त्याचा कोट खिळ्यावर होता आणि खिशातून पेन्सिल डोकावत होती. तिनं घेतली, दोन डब्यांवर नंबर लिहिले आणि परत ठेवली.

आदल्या आठवड्यात मोंजीनं नर्सिंगच्या पोरींना फसवलं होतं आणि हसता हसता पेन्सिल खणाऐवजी खिशात टाकली होती. सव्वीस वर्षांत एकदाच.

मशीन रात्रभर डब्या अल्कोहोलातून, झायलीनमधून, मेणातून फिरवतं. सकाळी सातला मोंजीनं झाकण उघडलं. बारा डब्यांवर नंबर. दोन कोऱ्या, कडेला फिकट जांभळं काहीतरी. त्याचा हात खिशात गेला आणि पेन्सिल बाहेर आली.

मग तो भराभर कामाला लागला. कापूस घेऊन डब्या घासल्या. मशीनमधलं पहिलं भांडं जांभळं झालं होतं, ते ओतून नवं भरलं. बापाची पेन्सिल इस्पितळाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, पिशवी कचरा जाळायच्या भट्टीच्या गाडीवर टाकली. साडेसातला गाडी गेली. निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि हातात सव्वीस वर्षांची सफाई होती.

रिहाब आली. कोऱ्या डब्या बघून ती आधी पांढरी पडली. मग तिची नजर मोंजीच्या बोटांवर गेली. नखांत जांभळं राहिलं होतं. मोंजीनं हातमोजे चढवले.

तिनं दोन कोऱ्या डब्या बाजूला काढून ठेवल्या.

दोन्ही डब्यांत स्तनाच्या गाठीतून सुईनं काढलेले धागे होते, सारखेच बारीक, सारखेच पांढरे. मादाम सलवांनी काचा बघितल्या. एकीत कॅन्सर, एकीत काही नाही. एक बाई लतीफा, अडतीस वर्षांची शाळामास्तरीण. दुसरी मब्रूका, एकसष्ट वर्षांची, मंझेल शाकरच्या बाजूच्या गावातली. कुठली काच कुणाची, ते अल्लालाच माहीत.

"कुणी लिहिले नंबर?" मादामनी विचारलं.

"मी," रिहाब म्हणाली.

"कशानं?"

"पेन्सिलनं."

"पेन्सिलीचं पुसत नाही, दोक्तोरा. पेननं लिहिलंस आणि आता थापा मारतेस. कुणाची पेन्सिल?"

रिहाबनं क्षणभर मोंजीकडे बघितलं. मोंजी पात्याचं तेल पुसत होता. पुसलेलंच पुसत होता.

"हाताला आली ती," ती म्हणाली.

"ठीक. दोन्ही बायकांना परत बोलवा, परत सुई. दोघींची उत्तरं माझ्या टेबलावर आल्याशिवाय वहीवर सही नाही."

लतीफा दुसऱ्याच दिवशी आली. रडून सुजलेले डोळे दिसू नयेत म्हणून घरातसुद्धा गॉगल काढला नव्हता म्हणे. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: काही नाही. ती बाई भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत सुटली.

"मग दुसरीला कॅन्सर आहे, मादाम," मोंजी म्हणाला. "उघड आहे. करा की सही."

"वजाबाकी करून मी कुणाला कॅन्सर सांगत नाही. तिचा तुकडा, तिचा नंबर."

मब्रूकाचा फोन लागत नव्हता. शनिवारी मोंजी लुआजमध्ये, त्या शेअरच्या गाडीत बसला. सगळं बिनबोभाट निस्तरता येईल असं त्याला वाटत होतं. आजवर जिभेच्या जोरावर काय निस्तरलं नव्हतं त्यानं?

ऑलिव्हची काढणी जोरात होती. मब्रूका शिडीवर होती, बोटांत बकऱ्याच्या शिंगांच्या टोप्या घालून फांद्या विंचरत होती. खाली जाळीवर फळं टपटपत होती.

"मावशी, इस्पितळातून आलोय," मोंजी म्हणाला. "तुमची सुई हरवली. ती शोधायला तुम्हालाच यावं लागतंय."

ती हसली. वरूनच म्हणाली, "एकदा टोचून भागलं नाही होय? मी काय शिवणाची उशी आहे?"

"परत एकदाच. मी स्वतः हात धरतो."

"माझ्या नवऱ्यानं कधी धरला नाही, तू कुठला धरतोस. हे बघ भावा, वीस झाडं राहिलीत. पोरगा लिबियात आहे, मजुराला द्यायला पैसा नाही. ऑलिव्ह झाले की येते."

"कधी होतील?"

"जानेवारी संपता संपता."

"मावशी, थांबण्यासारखं नाही ते."

"का? काय निघालंय त्यात?"

मोंजीचं तोंड उघडलं. टेक्निशियननं सांगायचं नसतं. आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, कोऱ्या डब्यांपासून पेन्सिलीपर्यंत.

"कुणाला माहीत," तो म्हणाला. "म्हणून तर या म्हणतोय."

"मग ते माहीत नसलेलंही थांबेल थोडं," ती म्हणाली आणि पुढच्या फांदीकडे वळली. निघताना त्याला गेल्या हंगामातल्या ऑलिव्हच्या तेलाची बाटली दिली. परत येताना गाडीत ती बाटली त्याच्या मांडीवर होती आणि शेजारचा विचारत होता, कितीला घेतली.

निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी मोंजीनं मादामच्या दारावर टकटक केली.

"मादाम, पेन्सिल माझी होती. ती कॉपिंगची. पोरीनं माझ्या खिशातून घेतली. डब्या जांभळ्या झाल्या होत्या, मी घासल्या. पहिलं भांडंही मीच बदललं."

मादामनी चष्मा काढला. "मागच्या वर्षी तू मला सांगितलंस, मंत्री तपासणीला येतायत. मी केशकर्तनालयात जाऊन आले."

"ती गंमत होती."

"आणि ही? उद्या निवड आहे आणि आज तुला आठवलं. पेन्सिल आण."

"भट्टीत टाकली."

"डब्या?"

"घासल्या म्हटलं ना."

"म्हणजे मला दाखवायला काहीच नाही. फक्त तू आहेस." त्या थकून म्हणाल्या. "पोर तुला मुलीसारखी आहे, कळतं मला. पण मोंजी, तुझं खरं कसं ओळखायचं ते तूच कधी शिकवलं नाहीस. शिवाय तुझं खरं धरलं तरी दुसऱ्या बाईचं उत्तर कुठेय? सकाळीच यादी कॉलेजला गेली. तिच्या नावापुढे अपूर्ण लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी मोंजी सभागृहात सगळ्यात मागच्या बाकावर बसला. फळ्यावर पॅथॉलॉजीच्या दोन जागा. शहाण्णव क्रमांकाच्या पोरीनं एक घेतली. एकशे सत्त्याऐंशी आलं. कारकुनानं कागद बघितला, "अपूर्ण," म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं. रिहाब तिसऱ्या रांगेत होती. तिनं मान खाली घालून वही पिशवीत ठेवली. एकशे नव्याण्णव क्रमांकाचा एक पोरगा उठला, डोळ्यांच्या जागा संपल्या म्हणून मित्रांकडे बघून खांदे उडवले आणि दुसरी जागा घेऊन टाकली. मित्र हसले. "मुडद्यांना सलाम सांग," कुणीतरी ओरडलं.

बाहेर पायऱ्यांवर मोंजीनं तिला गाठलं.

"तू सांगितलं का नाहीस पोरी? त्याच दिवशी? तुला ठाऊक होतं."

"तुमची नखं बघितली ना मी."

"मग?"

"विचारल्याशिवाय मी घेतली होती. तेवढं माझं. उरलेलं तुमचं होतं, अम् मोंजी. तुम्ही बोलाल म्हणून थांबले." तिनं पिशवी खांद्यावर सरकवली. "आठ दिवस थांबले."

मब्रूका फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आली, हाताला तेलाचा वास. गाठ आता काखेतही लागत होती. या वेळी उत्तराबद्दल कुणाला शंका नव्हती.

रिहाबला पॅथॉलॉजीचे सहा महिने पुन्हा करावे लागले, परीक्षाही पुन्हा. ती सगळ्यांच्या आधी येते. मोंजीनं तिला नव्या पेन्सिलींचं बारा नगांचं खोकं आणून दिलं, सीलबंद. ती ते रोज वापरते. पण आधी प्रत्येक पेन्सिलीनं एका कोऱ्या डबीवर रेघ ओढते, डबी अल्कोहोलात बुडवते आणि वीसपर्यंत मोजते. मोंजीच्या समोर. मग रेघ बघते, आणि मगच कामाला लागते.

नवा इंटर्न यायच्या आदल्या दिवशी कुणीतरी मोंजीला विचारलं, काळीज आणलं का. तो नाही म्हणाला. तो हसणार म्हणून सगळे थोडा वेळ वाट बघत राहिले.