पुढच्या सीटचे चार स्क्रू

एकोणीसशे बहात्तर साल. दहिवलीच्या गौराबाईंचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि दुसऱ्या दिवशी कशेळ्याला त्यांच्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं. गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे एसटीत चढणं शक्य नव्हतं. घरची जुनी मोटार होती, पण मागच्या सीटवर ताठ पाय मावेना. पुढची डावी सीट काढली तरच जमणार होतं.

त्यांचे यजमान कोंडीराम आणि पुतण्या नामा कामाला लागले. सीट चार स्क्रूंनी तळाला आवळलेली होती. नामाने पहिल्या स्क्रूला पेचकस घालून सगळा जोर लावला. पेचकस सटकला आणि खाच झिजून गुळगुळीत झाली.

"थांब रं," कोंडीराम म्हणाले. "पेचकस खाचेत बसतोय का ते तरी बघ."

त्यांनी बाकीच्या स्क्रूंवर बॅटरी मारली. खाचांत लालपिवळं काहीतरी घट्ट बसलं होतं. एकीत तांदळाचा दाणाही होता. दोघांनी ओटीवर बसलेल्या गौराबाईंकडे पाहिलं.

"दर दसऱ्याला पूजा करते मोटारीची," त्या म्हणाल्या. "एकेका स्क्रूला हळदकुंकू लावते."

"काकी, सीटखालच्या पन?"

"ते काय फुकट बसल्यात का रं?"

कोंडीरामांनी त्यांच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला आणि खाचा कोरून साफ केल्या. मग रॉकेलमध्ये शिवणयंत्राचं तेल मिसळून स्क्रूंच्या कडेने थेंब थेंब सोडलं. नामा लगेच पेचकस घेऊन पुढे झाला.

"आता चहा," कोंडीराम म्हणाले. "तेल आत उतरू दे."

चहा निवांत झाला. मग त्यांनी खाचेत बरोबर बसणारा रुंद पेचकस निवडला, मुठीवर हातोडीचे हलके टोले दिले आणि स्क्रू आधी आवळायच्या दिशेने किंचित फिरवला.

"काका, उलटं फिरवताय तुमी."

"गंजाची पकड सोडवायची हाय. कुठल्याबी बाजूनं सुटू दे."

कट् असा आवाज आला. त्यानंतर स्क्रू सुखाने बाहेर आला. तसेच आणखी दोन निघाले. राहिला तो नामाने बिघडवलेला. कोंडीरामांनी करवतीचं पातं त्याच्याच हातात दिलं. "नवी खाच पाड. सावकाश."

नामा आडवा होऊन घासत राहिला.

"माझं प्लास्टर सुटायच्या आत होईल ना रं?" ओटीवरून आवाज आला.

झालं एकदाचं. दुसऱ्या दिवशी गौराबाई मागे बसून, मोकळ्या जागेत पाय पसरून कशेळ्याला पोचल्या. मुंडावळ्या सावरत नवरीच मोटारीपाशी आली.

"आजी, भटजींना थांबवून ठेवलंय तुज्यासाठी."

महिन्याने प्लास्टर निघालं. कोंडीरामांनी स्क्रूंना ग्रीस लावून सीट बसवायला घेतली.

"ऱ्हाऊ द्या अवो," गौराबाई म्हणाल्या. "पाय पसरायची सवय झाली."

"मग वाटेत मी बोलू कुनाशी?"

"मी मागनं बोलते ना. तुमी नुस्तं हूं म्हना."