दयारामची उत्तर दिशा

तीस वर्षं ट्रक हाकलेल्या माणसाची दिशा चुकत नाही, असं दयारामचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. ट्रक मुलाच्या हाती देऊन तो चौलच्या वाडीत परतला आणि कडेच्या रांगेतल्या बारा पोफळींवर मिरीचे वेल चढवायचं त्यानं मनावर घेतलं.

रोपं तो मे महिन्यातच आणणार होता. रोपवाटिकेच्या गोदूबाईंनी त्याला दोनदा परत धाडलं. "पाऊस नीट लागू दे, मग लाव. खोडापास्नं हातभर लांब, उत्तरेच्या अंगाला. उन्हाची तिरीप कोवळ्या वेलाला सोसत न्हाय."

आषाढात रोपं आली. आभाळ गच्च, सूर्याचा पत्ता नाही. दयारामनं मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं आणि बोट दाखवलं. "ही उत्तर."

बायको सत्यवती शेणखताचं घमेलं घेऊन उभी होती. "अवो, त्या अंगाला तर संध्याकाळपर्यंत ऊन असतं. माझी वाळवणं तिथंच घालते मी."

"तुझ्या वाळवणांपेक्षा यंत्राला जास्त कळतं," दयाराम म्हणाला आणि बारा खड्डे खणून मोकळा झाला.

एवढ्यावर थांबला असता तर तो दयाराम कसला! शेजारच्या हरेश्वरनं, होडीवाल्यानं, दहा रोपं आणलेली. छत्री धरून दयारामनं त्याला प्रत्येक झाडापाशी उभं केलं, मोबाईल फिरवला, खड्डे खणायला लावले आणि तासभर भाषण दिलं.

पावसात सगळं हिरवंगार राहिलं. ऑक्टोबरचं ऊन तापलं तशी पानं आधी पिवळी पडली, मग करपली. करपलेलं पान पुराव्यासारखं नाचवत दयाराम गोदूबाईंकडे गेला. "रोपं किडकी दिलीत!"

बाई स्वतः वाडीत आल्या. वेलांकडे बघितलं, मावळतीकडे बघितलं. "तुझी उत्तर कुठं हाय, दाखव."

दयारामनं ऐटीत मोबाईल पुढे केला. बाईंनी तो उलटसुलट केला. "ह्या कव्हराला लोहचुंबक हाय ना?" त्यांनी कव्हर काढलं. बाण सावकाश वळला आणि वेलांची बाजू सोडून थेट विहिरीकडे तोंड करून उभा राहिला.

सत्यवती लगबगीनं स्वयंपाकघरात गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला, पण भांडी एवढी हसत नाहीत हे दयारामलाही कळत होतं. रस्त्यावर पाट्या होत्या म्हणून आपण तीस वर्षं घरी पोचलो, असं त्याच्या मनात आलं.

मग त्याला हरेश्वरचे दहा वेल आठवले. आपल्या वेलांवर झावळ्यांची सावली बांधून तो माफी मागायला गेला. बघतो तर हरेश्वरचे वेल कमरेइतके, तजेलदार, आणि खऱ्या उत्तरेला.

"तू गेलास आणि मी खड्डे बदलले," हरेश्वर म्हणाला. "दर्याची गाज ऐकली की पश्चिम कळते मला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू श्वास घेतलास की सांगणार होतो. तू घेतलाच न्हाईस."

बारापैकी पाच वेल जगले. पुढच्या आषाढात दयारामनं सात रोपं आणली आणि सत्यवतीला विचारलं, "कुठं लावू?" तिनं पायाच्या अंगठ्यानं जागा दाखवली. त्यानं मुकाट खणायला घेतलं. मध्येच बोलायचा मोह नको म्हणून तोंडात तंबाखूचा बार भरून ठेवला होता.