कुजबुजरावांचा आवाज

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजराव म्हणत. पुढे दूधवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं, आणि खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं. त्यांचं काम प्रॉम्प्टरचं. विंगेत, पडद्याआड एका स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला नाही, असा आवाज लावायचा. हे त्यांनी उभ्या आयुष्यात इतकं बेमालूम केलं, की ते चांगलं झालं हे कुणाला कधी कळलंच नाही. वाईट झालं असतं तर मात्र गावभर झालं असतं.

मग कंपनी बंद पडली आणि थिएटरात सोफासेटचं दुकान आलं. कुजबुजराव फिरायला म्हणून रोज तिकडूनच जायचे आणि काचेतून आत बघायचे. डाव्या विंगेच्या जागी आता गाद्या रचलेल्या असत. घरी येऊन ते खिडकीशी बसत आणि काही बोलत नसत. तसे ते आधीही फारसं बोलत नव्हते, पण आता त्या न बोलण्याला काही काम उरलं नव्हतं. काकूंना ते बघवेना. शेवटी त्यांनीच पुतणीला फोन लावला.

"तुझ्या काकांना कशात तरी गुंतव बाई. नाहीतर एक दिवस मी फडकं घेऊन त्यांच्यावरची धूळ पुसायला लागेन."

पुतणी आवाजाच्या स्टुडिओत कामाला होती. जाहिराती, सूचना, पुस्तकं, जे येईल ते लोकांकडून वाचून घ्यायचं, नको ते कापायचं, उरलेलं जोडून पाठवायचं, हा तिचा धंदा. रविवारी ती एक जुना लॅपटॉप, माइक आणि हेडफोन घेऊन हजर झाली. पुस्तकं वाचून ऐकवणारी एक कंपनी नवे आवाज शोधत होती. एका गोष्टीची चार पानं घरीच रेकॉर्ड करायची, स्वतःच साफसूफ करायची आणि पाठवून द्यायची.

"जन्मभर वाचलंत, काका," ती म्हणाली. "आता जरा मोठ्यानं वाचायचं, एवढंच."

एवढंच म्हणे. कुजबुजरावांना ते 'एवढंच' नव्हतं. कारण एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, काकूंनाही नाही. प्रयोग संपून माणसं पांगली, की झाडूवाले यायच्या आत ते कधीकधी रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभे राहायचे. लाकडाचा, पावडरचा आणि तापलेल्या दिव्यांचा वास अजून हवेत असायचा. समोर रिकाम्या खुर्च्या. आपला आवाज एकदा तरी त्या शेवटच्या रांगेपर्यंत जावा, असं त्यांना फार वाटायचं. ते तोंड उघडायचे, मिटायचे आणि डबा उचलून घरी यायचे. आता ती रांगही राहिली नव्हती. उरली होती ती ही चार पानं.

झोपायच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून, कपड्यांच्या कपाटाची दारं उघडी टाकून पुढ्यात टेबल मांडलं, टेबलावर गोधडी, गोधडीवर माइक. पुतणीनं धडे दिले. आधी थोडा वेळ गप्प बसून खोलीची शांतताच रेकॉर्ड करायची, ती पुढे ठिगळं लावायला उपयोगी पडते. तोंड माइकच्या अगदी समोर नको, जरा तिरकं, म्हणजे 'प' आणि 'फ' फटकन आदळत नाहीत. पंखा बंद, फ्रिज बंद. आणि चुकलं तर थांबायचं, एक टाळी वाजवायची आणि तेच वाक्य पुन्हा घ्यायचं. टाळीचा लॅपटॉपच्या पडद्यावर उंच सुळका दिसतो, म्हणजे नंतर कापताना चूक कुठे आहे ते शोधत बसावं लागत नाही.

शांतता कुजबुजरावांनी पहिल्या फटक्यात उत्तम रेकॉर्ड केली. पुतणी म्हणाली, इतकी चांगली शांतता तिनं स्टुडिओतही ऐकली नव्हती. फ्रिज मात्र ते पुन्हा चालू करायला विसरले, आणि नासलेल्या दुधापायी काकूंनी दोन दिवस त्यांना बिनदुधाचा चहा पाजला.

पहिली फाइल त्यांनी कुणाला न दाखवता, मोठ्या ऐटीत पाठवून दिली. पुस्तकांच्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला. त्या बिचाऱ्या अदबीनं म्हणाल्या, "फाइल बिघडलीय का हो? प्रत्येक वाक्याचे पहिले तीन-चार शब्द ऐकू येतात आणि पुढचं सगळं विरून जातं."

फाइल ठणठणीत होती. बिघाड कुजबुजरावांत होता. प्रॉम्प्टर सुरुवातीचे शब्द देतो आणि आवाज काढून घेतो, पुढचं नट उचलतो. त्यांच्या हाताखालून गेलेल्या नटांनी ते नेहमी उचललं होतं. नायक अडला की खोकायचा. बाईसाहेब, म्हणजे कंपनीची मुख्य नटी, अडल्या की डावा कान जरासा विंगेकडे करायच्या, प्रेक्षकांना वाटायचं काय झोकात मान वळवली. इकडून चार शब्द गेले की तिकडे अख्खं वाक्य झळाळून उठायचं. मग टाळ्या. पडद्यामागून त्या टाळ्या जाड पांघरुणाखालून आल्यासारख्या ऐकू यायच्या, तरी कुजबुजरावांना त्यातल्या दोन-चार आपल्या वाटत. आता गोधडीसमोर बसून ते शब्द द्यायचे आणि वाट बघायचे, आणि तिकडून कुणी काही उचलत नव्हतं.

दुसऱ्या वेळी पुतणी शेजारी बसली आणि तिनं एकही वाक्य अर्ध्यात सोडू दिलं नाही. शब्द सगळे आले. पण त्यात गोष्टीतली म्हातारी रडली काय आणि कुत्रा पळाला काय, सगळं एका सुरात. यालाही कारण होतं. प्रॉम्प्टरनं वाक्यात भाव घालायचा नसतो, नाहीतर नटाचा भाव बिघडतो. ही शिस्त त्यांनी इतकी पाळली होती, की ती त्यांच्या जिभेला चिकटून बसली होती.

बाईंचा पुन्हा फोन आला. "आवाज चांगला आहे तुमचा. पण गोष्ट दुसरंच कुणीतरी सांगणार आहे आणि तुम्ही नुसती आठवण करून देताय, असं वाटतं. शुक्रवारपर्यंत एकदा पाठवून बघा. त्यानंतर यादी बंद होईल."

कुजबुजराव त्या दिवशी जेवले नाहीत. शुक्रवार हुकला तर आपण पुन्हा खिडकीशी बसणार आणि मग तिथून उठणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. भीतीच वाटली त्यांना.

गुरुवारी पुतणीला कामातून सुट्टी मिळेना. दुपारी काकू मटारच्या शेंगा घेऊन खोलीत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"मी इथे बसून सोलते. आवाज करत नाही. तुमचं चालू द्या."

कुजबुजरावांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य संपायच्या आत काकू म्हणाल्या, "काय?"

आता, या घरात काकूंचं 'काय?' जुनं होतं. लग्न झालं तेव्हा कुजबुजराव घरी संहिता पाठ करायचे, सगळ्या भूमिका स्वतः करून. राजा, चोर, सासरा. काकू भाजी चिरता चिरता राणी व्हायच्या आणि हसून हसून त्यांची सुरी हातातून निसटायची. पुढे विंगेतला आवाज हळूहळू घरात आला. कुजबुजराव घरीही कुजबुजू लागले. काकू विचारायच्या, "काय?" ते म्हणायचे, "काही नाही." काकूंचे कान ठणठणीत होते. पण पुन्हा सांगायचा कंटाळा, किंवा पुन्हा सांगण्याइतकं ते महत्त्वाचं नाही असं वाटणं, काहीही म्हणा, दोघांमधलं निम्मं बोलणं त्या 'काही नाही'त गेलं होतं.

आज मात्र 'काही नाही' म्हणून चालणार नव्हतं. वाक्य तर वाचायलाच हवं होतं. त्यांनी मान वर केली आणि काकूंकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हटलं, काकूंना कळेल असं.

"हं," काकू म्हणाल्या. "मग?"

पुढचं वाक्य पुन्हा तोंडातल्या तोंडात गेलं. "काय?" पुन्हा सांगितलं. असं करत करत चार पानं झाली. म्हातारी रडली तिथे काकूंचे हात शेंगांवर थांबले, आणि ते बघून कुजबुजरावांचा आवाज आपोआप खाली गेला, पण विरला नाही.

वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण टाळी एकदाही वाजवली नाही. विंगेत चप्पलसुद्धा काढून बसणाऱ्या माणसाला टाळी वाजवणं जमणारही नव्हतं. पण लॅपटॉपच्या पडद्यावर बघतात तो जागोजाग उंच सुळके. काकूंचं 'काय?' टाळीपेक्षा उंच होतं. सुळक्याच्या आधी त्यांचं स्वतःचं वाक्य, बारीक दोऱ्यासारखं. सुळक्यानंतर तेच वाक्य, भरलेलं, अंगापिंडानं धड. कापायचं कुठून आणि ठेवायचं काय, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. ते आधीचं वाक्य आणि काकूंचं 'काय?' कापत गेले. घाईत एका ठिकाणी श्वासही कापला, तर वाक्य दचकल्यासारखं झालं, म्हणून तो परत आणून बसवला. जोड उघडे पडले तिथे खोलीची शांतता लावली. शुक्रवारी सकाळी फाइल गेली.

दुपारी बाईंचा फोन आला. त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही. "हे आधी कुठे ठेवलं होतंत? सोमवारी पहिलं पुस्तक पाठवते."

कुजबुजरावांनी फोन ठेवला आणि ते जागच्या जागी उभे राहिले. डोळे भरून आले होते. काकूंनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"मला ऐकवा," त्या म्हणाल्या. "एवढे मटार सोलले मी."

त्यांनी हेडफोन काकूंच्या कानांवर बसवले. काकू उरलेल्या शेंगा सोलत पलंगावर ताठ बसून ऐकत राहिल्या. त्यांच्या कानात आता एकही 'काय?' नव्हतं. मधेच त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. संपल्यावरही त्यांनी हेडफोन काढले नाहीत.

"हा आवाज मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आपलं लग्न झालं तेव्हा होता. मला वाटलं, गेला."

कुजबुजरावांनी टेबलावरची गोधडी उगाच सारखी केली.

"एक विचारू का?" काकू हातातल्या सालीकडे बघत होत्या. "आपलं बाळ गेलं, आणि तुम्ही मला दवाखान्यातून घरी आणलंत. दाराचं कुलूप काढताना तुम्ही काहीतरी म्हणालात. मी 'काय?' म्हटलं. तुम्ही म्हणालात, 'काही नाही.' ते काय होतं?"

कुजबुजराव टेबलापुढच्या स्टुलावर बसले. त्यांना ते कुलूप आठवलं, हातातली पिशवी आठवली, काकूंचा पांढराफटक चेहरा आठवला. बाईसाहेबांची, नायकाची, एका प्रवेशापुरत्या येणाऱ्या शिपायाची, सगळ्यांची वाक्यं त्यांना अजून तोंडपाठ होती. हे एक वाक्य आठवेना. त्यांनी फार प्रयत्न केला. नट अडला असता तर त्यांनी तिथल्या तिथे दुसरं काहीतरी चांगलंसं जुळवून दिलं असतं. पण काकूंना खोटं वाक्य द्यायला त्यांचं मन धजेना.

"नाही आठवत," ते म्हणाले.

"मला इतकी वर्षं वाटत आलंय, की तुम्ही मला बोल लावलात," काकू म्हणाल्या. "म्हणून तर पुन्हा विचारलं नाही कधी."

एक माणूस एवढं ओझं घेऊन कुजबुजरावांच्याच स्वयंपाकघरात वावरत होता, त्यांना वाढत होता, मटार सोलत होता, आणि त्यांना पत्ता नव्हता. ते घाईघाईनं काहीतरी बोलले, पण ते ओठांतल्या ओठांतच राहिलं. काकूंनी हेडफोनची एक बाजू बोटानं जरा दाबली आणि त्यांच्याकडे नुसत्याच बघत राहिल्या.

कुजबुजरावांनी रेकॉर्डिंग सुरू करून माइक चालू केला, म्हणजे बोललेलं थेट काकूंच्या कानात जाईल. तोंड जरा तिरकं धरायचं ते विसरले.

"बोल नव्हता लावला," ते म्हणाले. "शब्द आठवत नाहीत, पण बोल नव्हता. तुझी काही चूक नव्हती. मी घाबरलो होतो, तूही जाशील म्हणून. तेच काहीतरी असणार. हे मी तेव्हाच मोठ्यानं सांगायला हवं होतं."

काकूंनी डोळे मिटले होते. मग त्यांनी हेडफोन काढले आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"यातलं काही कापू नका," त्या म्हणाल्या, आणि साली गोळा करून स्वयंपाकघरात गेल्या.