चाळीस पोती वाळू

बोटीच्या पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी नरसिंगमामांनी तिच्यात चाळीस पोती वाळू भरली. वीस खाली, वीस वरच्या मजल्यावर. दिवसभर बोट धरणाच्या पाण्यात उभी राहिली आणि तसूभर कलली नाही. संध्याकाळी मामा कमरेवर हात ठेवून कामगारांना म्हणाले, "बघा रे. असं काम पायजे."

त्यांची सून दीपमाला तिथंच उभी होती. तिला राहवलं नाही.

"मामा, पोती हायेत ती. ठेवली तिथं बसत्यात. माणसं बसत न्हाईत."

"म्हंजी?"

"उद्या वरची सगळी माणसं एका अंगाला गेली तर बोट उलटंल. मी हिशोब करून बघितलाय. वरचा मजला लई जड झालाय."

कामगार खाली माना घालून ऐकत होते, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. घरात, चहाच्या वेळी सांगितलं असतं तर मामांनी कदाचित ऐकूनही घेतलं असतं. चारचौघांत सुनेनं चूक दाखवायची आणि सासऱ्यानं 'बरं' म्हणायचं, असलं कुठं होतं का? मामा हसले. "शिरूर अनंतपाळची पोर. हिच्या गावच्या वढ्याला पावसाळ्यात घोटाभर पाणी, अन् मला गंगा शिकवून राहिली!" सगळे हसले. तिचा नवरा सत्यमही हसला, आणि तेच तिला जास्त लागलं.

मामांचाही अगदीच अडाणीपणा नव्हता. त्यांचे वडील दगडोबा नांदेडला गोदावरीच्या काठी सागवानी नावा बांधायचे. त्या नावांतून ज्वारी, कापूस, कधी बैलही पलीकडं जायचे. नवी नाव गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तिच्यात पोती भरून दिवसभर पाण्यात उभी करायची, ही त्यांची रीत. पुढं पूल झाले, नावा बसल्या. मामांनी पत्र्याच्या शेडमध्ये फायबरचं काम धरलं. मासेमारांच्या होड्या झाल्या, पुरातून माणसं काढायच्या बोटी झाल्या, पण रीत तीच राहिली. साठ वर्षांत या घरची एकही नाव बुडाली नव्हती. मग मामांनी पोत्यांवर विश्वास ठेवायचा की कालच्या पोरीवर?

आणि ही बोट म्हणजे घराण्याचं नशीब पालटणारी. दुमजली, एसीवाली, वर काचेचं छत, गुबगुबीत खुर्च्या. लातूरच्या आप्पासाहेबांनी धरणाच्या काठाला रिसॉर्ट काढलं होतं, त्यासाठी. ज्या लातूरनं रेल्वेनं आलेलं पाणी पिलं, तिथल्या माणसाला पाण्यावर मिरवायची हौस असणारच की! ते तिला यॉट म्हणायचे. काम संपत आल्यावर त्यांनी वरच्या मजल्यावर सरबताला म्हणून ग्रॅनाइटचा ओटा मागितला. मामांनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांनी तो दोन दिवसांत बसवून दिला.

दीपमाला लग्नानंतर दोन वर्षं चुलीपाशी होती, मग शेडमध्ये उतरली. मोबाइलवर केरळच्या एका मास्तरचे धडे बघून बघून ती वजनाचे हिशोब शिकली. पोहता मात्र तिला येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की ही घाबरट आहे. अहो, पाण्याला भिणारं माणूसच पाण्याकडं नीट बघतं. पण सांगता कुणाला?

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाहुणे आले. पस्तीस माणसं, त्यात फेटेवाले आठ-दहा, बाया-बापड्या, कडेवरची लेकरं. काठावर पूजा झाली. सत्यम सुकाणू धरणार होता. दीपमालानं त्याला बाजूला घेतलं.

"अवो, वर दहाच्या वर माणूस चढू देऊ नका. हात जोडते."

"अन् कसं अडवू? आप्पासाहेबांचे पाहुणे हायेत. जिन्यात काठी घिऊन बसू का?"

"मग मी येते संग."

"तू? तुला तर पोहता येत न्हाई."

"म्हणूनच येते," ती म्हणाली आणि पूजेचं ताट हातात घेऊन चढली. पाहुण्यांना प्रसाद वाटायच्या निमित्तानं तिला कुणी हटकलं नाही. मामा गुडघ्याच्या दुखण्यामुळं काठावरच थांबले.

सुरुवातीला सगळं छान चाललं. पाणी निवांत होतं. पण दहा मिनिटांत खालचा मजला रिकामा व्हायला लागला. एसीच्या गार हवेत बसायला कोण येतं तिथं? फोटो वर चांगले येतात. दीपमाला जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मोजत होती. बारा. सतरा. बावीस. "दादा, जरा खालीच थांबा," ती म्हणायची, आणि दादा हसून तिच्या बाजूनं वर जायचे. जीव वाचवायची जाकिटं बहुतेकांनी केव्हाच काढून खुर्च्यांवर टाकली होती, फोटोत फेटा-शालू दिसायला नको का!

मग ड्रोन आला. आप्पासाहेबांनी शूटिंगसाठी नांदेडहून मागवलेला. तो उजव्या अंगानं घोंघावत वर आला आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, क्यामेरा! हात करा, हात करा!"

सगळाच्या सगळा वरचा मजला उजव्या कठड्याकडं धावला.

बोट कलली. कललेली बोट परत सरळ होते, हे दीपमालाला माहीत होतं. ती वाट बघत राहिली. ही होईना. ओट्यावरचे ग्लास घसरत जाऊन फुटले, तर लोक खिदळले. त्यांना वाटलं, मजा आहे. उजवीकडच्या खालच्या खिडकीला पाणी चाटायला लागलं होतं. एक लेकरू आपल्या बापाच्या खांद्यावर बसून ड्रोनला टाटा करत होतं.

"बसा! खाली बसा!" ती ओरडली. कोण ऐकतंय?

'बोट उलटतीय' असं ओरडावं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. तसं म्हटलं असतं तर पस्तीस माणसं घाबरून इकडून तिकडं पळाली असती आणि मग देवही वाचवू शकला नसता. हातात ताट होतं, ताटात नारळ.

तिनं नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि देवळातल्या पुजाऱ्याला लाजवील अशा आवाजात हाक दिली, "गंगामाईची ओटी भरून राहिले! सगळ्यांनी जागच्या जागी खाली बसा! उभ्यानं वटी बघितली तर गंगा घेती! ज्याला लेकरंबाळं हायेत त्यानं आधी बसा!"

असली रीत कुठंच नाही. ना नांदेडला, ना तिच्या शिरूरला. तिनं ती उभ्या उभ्या रचली होती. पण अशा वेळी कोण तपासत बसतं? एक म्हातारी पटकन बसली. तिला बघून दुसरी. फेटेवाले एकमेकांकडं बघत टेकले. खांद्यावरचं लेकरू मांडीत आलं.

"अवो, इंजन बारीक करा! वळवू नका!" तिनं जिन्यातून खाली सांगितलं. मग वर, त्याच भक्तीच्या आवाजात, "आता एक एक जण सरपटत या, वटीला हात लावा अन् या बाजूला बसा. उठायचं न्हाई!"

डावीकडच्या कठड्याला टेकून ती बसली. एक एक पाहुणा सरपटत आला, नारळाला हात लावून तिच्याजवळ बसत गेला. सातवा माणूस आला तेव्हा बोट कण्हल्यासारखी हलली आणि हळूहळू सरळ झाली. दीपमालाची बोटं नारळावर इतकी घट्ट रुतली होती की तिला तो पाण्यात सोडताच येईना.

बोट काठाला लागली आणि आप्पासाहेब खूश होऊन उतरले. "नरसिंगराव, एक नंबर! अन् तुमच्या सूनबाईंचा वटीचा कार्यक्रम तर लई आवडला बगा. दर फेरीला ठेवू. उद्यापास्नं यॉट चालू!"

सत्यम खाली मान घालून दोर बांधत होता. दीपमालानं मामांकडं पाहिलं. आता मामांनी फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. साठ वर्षांचं नाव, पुढच्या बोटी, सगळं त्या एका शब्दावर होतं. आणि ते म्हणाले असते तर तिला चारचौघांत दुसऱ्यांदा बोलावं लागलं असतं. तिनं मनाची तयारी केली होती.

"बोट देत न्हाई," मामा म्हणाले.

"आँ?"

"ती वटी-बिटी काई नव्हती, आप्पासाहेब. पोरीनं खोटं बोलून तुम्हाला बसवलं. मी हितून बघितलं. बुडाचा तांबडा रंग पाण्याभाईर आला व्हता. अजून दोन माणसं कठड्याला गेली असती तर आज हितं मढी मोजावी लागली असती." त्यांनी सुनेकडं पाहिलं. "काल तिनं सांगितलं व्हतं. मी हासलो."

पाहुण्यांचं हसू मावळलं. खांद्यावर लेकरू घेतलेल्या बापानं ते उतरवून छातीशी धरलं. आप्पासाहेब काहीतरी बोलायला लागले, सगळ्यांदेखत आपली शोभा झाली म्हणून, पण मामा ऐकत नव्हते. ते दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत दीपमालासमोर आले.

"ओटा काढला तर भागंल?"

कामगार ऐकत होते, पाहुणेही ऐकत होते. खोटं बोलून आज एकदा निभावलं होतं.

"न्हाई मामा. अख्खा वरचा मजला उतरवावा लागंल."

त्या मजल्यावर मामांनी आठ महिने घालवले होते. त्यांनी एकदा काचेच्या छताकडं पाहिलं, डोळे पुसले आणि सत्यमला हाक मारली.

"पाने-पक्कड आण. अन् ती सांगंल तिथून खोलायला लाग."