गिरणीच्या भिंतीवरचा ‘पाहिजेत’ फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे हं. शाळेतल्या फळ्याला निदान मे महिन्याची सुट्टी असते. मी मीरा रोडला, शांती नगरात, पंढरीनाथच्या पिठाच्या गिरणीबाहेरच्या भिंतीवर टांगलेला आहे. माझ्या कपाळावर पिवळ्या ऑइलपेंटने ‘पाहिजेत’ असं लिहिलं आहे आणि त्याखाली रोज सकाळी खडूने नोकऱ्या लिहिल्या जातात. गेली बावीस वर्षं माझं हेच काम आहे.

माझा जन्म नया नगरातल्या एका सुताराकडे झाला. कुणाच्या तरी कपाटाची पाठ करून उरलेला प्लायचा तुकडा, तो मी. खरं तर मी शेगडीतच जायचा. पण हरिश्चंद्र नावाचा एक माणूस आला, त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि काळ्या रंगाचे दोन हात द्यायला सांगितले. मला कुणीतरी निवडलं, याचा तेव्हा केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू!

हरिश्चंद्र गिरगावातून मीरा रोडला राहायला आला आणि वर्षभरात त्याची गोरेगावची कंपनी बंद पडली. चौदा महिने तो घरी होता. त्या काळात शेजारच्या एका गृहस्थांना एक चांगली जागा ठाऊक होती. त्यांनी ती आधी आपल्या मेहुण्याला सांगितली, आणि मेहुणा चिकटल्यावर जिन्यात भेटून हरिश्चंद्रला सांगितली. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. पुढे त्याला दुसरीकडे काम मिळालं, तरी ते तो विसरला नाही. त्याने मला भिंतीवर टांगलं आणि नियम केला की कळलेली जागा आधी फळ्यावर लिहायची. फळ्यावर येईपर्यंत कुणालाही सांगायची नाही, घरातही नाही. सगळ्यांना एकाच वेळी कळलं पाहिजे.

जागाही त्याने हुशारीने निवडली होती. गिरणीवर सगळ्यांनाच यावं लागतं आणि दळण होईपर्यंत थांबावं लागतं. पंढरीनाथ दिवसभर ‘भाभी, आधा घंटा’ करत असायचा आणि लोक तो अर्धा तास मला वाचत उभे राहायचे. हरिश्चंद्र माझ्या मधोमध पट्टीने एक उभी रेघ मारायचा. डावीकडे लिहायचा ‘येऊन-जाऊन’, म्हणजे संध्याकाळी घरी परतता येईल अशी कामं. उजवीकडे ‘राहून’, म्हणजे जिथे बाडबिस्तरा घेऊन जावं लागेल अशी. रोज फळ्यावर लिहितो म्हणून लोक त्याला मास्तर म्हणू लागले.

सुरुवातीची वर्षं माझा डावा रकाना नुसता ओसंडून वाहायचा. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायला माणसं पाहिजेत, पॅकिंगला बायका पाहिजेत, अंधेरीला टायपिस्ट, मालाडला फोनवर बोलायला पोरंपोरी, इंग्रजी येणे आवश्यक. उजवीकडे महिन्याला दोन ओळी आल्या तर आल्या, आणि त्या वाचून लोक हसायचे. सगळा मुलूख गाव सोडून इकडे येत असताना इकडून तिकडे कोण मरायला जाईल, असं म्हणायचे.

मग हळूहळू ती मधली रेघ सरकायला लागली. काही गाळे लांब गेले, काहींना कुलपं लागली. डावीकडे उरलं ते सिक्युरिटी, सामान पोचवणारे आणि मॉलमध्ये दिवसभर उभे राहणारे. शिकल्यासवरल्या पोरांसाठी तिकडे ओळ सापडेना. उजवीकडे मात्र वाडा, शहापूर, सुपा, शिरवळ अशी नावं वाढत गेली. कुठे औषधांचा कारखाना, कुठे मोठं गोदाम, कुठे माळावरचे सौर पॅनल सांभाळायचे, कुठे तालुक्याच्या नव्या दवाखान्यात तपासणीचं काम. रेघ इतकी डावीकडे आली की ‘येऊन-जाऊन’ हे दोन शब्द दोन ओळींत लिहावे लागले. मी एक फळा, मला यातलं शास्त्र काय कळणार? पण रेघ माझ्याच अंगावर होती, त्यामुळे ती सरकलेली मला कळायची.

आणि त्याच सुमाराला लोकांनी मला वाचणं सोडलं. सगळं मोबाइलवर येतं म्हणे. आताही गिरणीवर अर्धा तास थांबतात, पण मान खाली घालून. कुणी माझ्यावर टाकी साफ करण्याची सूचना चिकटवतं, कुणी भाड्याच्या फ्लॅटची जाहिरात. एकदा तर बारशाचं आमंत्रण चिकटवलं होतं आणि बाळ चालायला लागलं तरी ते कुणी काढलं नाही. मित्रांनो, राग तर येतोच, पण रागापेक्षा एकटं जास्त वाटतं. रोज अंगावर ताजी अक्षरं असावीत आणि ती कुणी पाहूही नयेत, याचं दुःख तुम्हाला सांगून कळायचं नाही.

हरिश्चंद्रचंही तसंच झालं होतं. तो निवृत्त झाला. गिरिजा, त्याची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. घरात तो आणि त्याची मुलगी रसिका. अन्नपदार्थांच्या तपासणीचं शिक्षण घेतलेली ही पोर अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत होती. ती प्रयोगशाळा दुसऱ्या राज्यात हलली आणि रसिका आठ महिने घरी बसली. बिल्डिंगमधल्या बायका दिसल्या की विचारायच्या, कुठे लागलं का गं? म्हणून तिने लिफ्ट सोडून जिन्याने जायला सुरुवात केली. मोबाइलवरून शेकडो अर्ज करून झाले होते, उत्तरं येत नव्हती. तेव्हा संध्याकाळी दळणाचं निमित्त करून ती माझ्यासमोर येऊन उभी राहायची. मला वाचणारी तेवढी एकच उरली होती, म्हणून मला तिचा भारी लळा लागला.

माझ्यावर लिहिलेलं आणखी एका व्यक्तीला हवं असायचं, पण तिला वाचता येत नव्हतं. ती सत्यवती. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातून पाटी घेऊन येते आणि सकाळी माझ्याच खाली बसून मासळी विकते. हरिश्चंद्रचा खडू थांबला की विचारते, “मास्तर, आज काय लिवलंय?” आणि तो तिला वरपासून खालपर्यंत सगळं वाचून दाखवतो. एकही ओळ गाळत नाही. तिचा मुलगा निकेत माझ्यावरचीच ओळ ऐकून रत्नागिरीकडे बोटींची इंजिनं दुरुस्त करायला गेला आहे.

या दिवाळीत जितेंद्र गिरणीवर आला. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतला हा मुलगा, त्याची पहिली नोकरी माझ्या डाव्या रकान्यातली. आता तो कुडाळच्या पुढे एका गावात फळांचे रस आणि गर काढणाऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने हरिश्चंद्रला वाकून नमस्कार केला आणि एक चिठ्ठी दिली. तपासणी विभागात माणूस पाहिजे होतं, राहायची सोय होती, नावं देण्याची मुदत अकरा दिवसांची होती. ही जागा रसिकासाठीच आहे असं समजा काका, असं तो दोनदा म्हणाला. त्याला नियम माहीत होता, म्हणून तो तिला परस्पर काही बोलला नाही. हरिश्चंद्रने चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. सिक्युरिटीची ओळ लिहिली, दोन गोदामांच्या ओळी लिहिल्या. कुडाळची ओळ लिहिली नाही. मला वाटलं, विसरला. तिसऱ्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी त्याने चिठ्ठी बाहेर काढली, उघडली, पुन्हा घडी घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. फळ्यावर नाही म्हणून सांगायचं नाही आणि सांगायला नको म्हणून फळ्यावर लिहायचं नाही! ज्या नियमाचा त्याला इतका अभिमान होता, त्याच्याच आड तो लपून बसला होता.

एका संध्याकाळी तो गिरणीपाशी असताना रसिका आली. तिने माझ्या उजव्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“बाबा, लांबचं काहीच नाही आलं का रे? माझ्यासारखं?”

“आलं की लिहीन,” तो म्हणाला.

बावीस वर्षांत माझ्याशेजारी उभं राहून तो पहिल्यांदा खोटं बोलला. मला ओरडावंसं वाटलं. पण फळ्याला कसला आवाज? तिने दळणाचा डबा उचलला आणि मान खाली घालून निघून गेली. मला त्या पोरीची कीव आली, आणि खरं सांगू, त्याचीही आली. गिरिजा गेल्यापासून घर त्याला खायला उठत होतं, हे मी रोज त्याच्या तोंडावर बघत होतो.

सत्यवतीने ते संध्याकाळचं पाहिलं नव्हतं. पण रसिका अधूनमधून तिच्याकडे बोंबील घ्यायला यायची आणि घेऊन झाल्यावरही बसून राहायची. मुदत संपायच्या आदल्या सकाळी हरिश्चंद्र सत्यवतीला फळा वाचून दाखवत होता, तर तिने त्याला मध्येच थांबवलं.

“मास्तर, माझा निकेत लांब हाय, पन रोज बोलतो. तुमची पोर घरान हाय, पन जवल न्हाय. बगा जरा तिच्याकरं.”

त्याने फडकं उचललं आणि तो घराकडे वळला. त्या दिवशी खालच्या तीन ओळी वाचायच्या राहून गेल्या.

शेवटच्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर आला. पंढरीनाथ अजून गिरणी उघडत होता. हरिश्चंद्रने मला ओल्या फडक्याने सगळा पुसून काढला आणि अगदी वर, मोठ्या अक्षरांत, कुडाळची ओळ लिहिली. ‘आज शेवटचा दिवस’ हे शब्द लिहिताना त्याच्या हातातला खडू दोनदा तुटला. मग तो घरी गेला आणि रसिकाला घेऊन आला. तिथे दळणाला चार माणसं उभी होती. रसिकाने ओळ वाचली, त्याच्याकडे पाहिलं. त्याने खिशातून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. चिठ्ठीवर जितेंद्रने तारीख घातलेली होती.

“अकरा दिवस, बाबा?”

“घर रिकामं होईल म्हणून नाही लिहिलं,” तो म्हणाला. चारचौघांत म्हणाला, आवाज न चोरता.

तिने चिठ्ठी पुन्हा घडी घालून मिटली. मग म्हणाली, “तू मला थांब म्हणाला असतास ना, तर कदाचित मी थांबलेही असते. पण तू विचारलंच नाहीस.”

तिने तिथूनच जितेंद्रला फोन लावला. आठवड्याने बोलावणं आलं आणि ती गेली. रिक्षा गिरणीवरूनच गेली. तिने माझ्याकडे पाहून हात हलवला की पंढरीनाथकडे पाहून, ते मला कळलं नाही, पण मी तो माझ्यासाठीच धरला.

आता रसिका दर रविवारी फोन करते. नोकरी तिला आवडली आहे. ती मोकळं हसते, असं हरिश्चंद्र पंढरीनाथला सांगत होता. पण फोन दहा मिनिटांचा आणि रविवार आठवड्यातून एकदाच येतो. हरिश्चंद्र अजून रोज सकाळी येतो, ओळी लिहितो, रेघ मारतो. काम संपलं तरी लगेच जात नाही. माझ्याकडे पाठ करून कठड्यावर बसतो. मला कुणी वाचत नाही आणि त्याला कुणी विचारत नाही. असे आम्ही दोघे तिथे असतो.

गेल्या सोमवारी त्याने सगळ्या ओळी लिहिल्या. खाली थोडी जागा उरली होती. खडू हातात धरून तो जरा वेळ उभा राहिला आणि मग बारीक अक्षरात त्याने आणखी एक ओळ लिहिली. लिहून झाल्यावर आजूबाजूला पाहिलं आणि घाईने फडकं उचललं. तेवढ्यात खालून सत्यवतीने विचारलं, “काय लिवलंय?”

फडकं हवेतच राहिलं. तिला न वाचता ओळ पुसायची, हे काही त्याला जमलं नाही. एकदा लपवून त्याने बघितलंच होतं.

“पाहिजे,” त्याने वाचलं. “संध्याकाळी चहाला बसायला माणूस. शांती नगर. वेळ साडेपाच.”

सत्यवती पाटीवरच्या माश्या वारत होती, तिचा हात थांबला.

“मंग पुसताय कशाला? ऱ्हाऊ द्या. वाचल कोनतरी.”

त्याने फडकं खाली ठेवलं.

मित्रांनो, आज चौथा दिवस आहे. ती ओळ अजून माझ्या अंगावर आहे. पीठ उडून ती पांढुरकी होते, पण हरिश्चंद्र रोज सकाळी बाकी सगळं पुसतो आणि ती तेवढी तशीच ठेवतो. अजून कुणी आलेलं नाही. लोक डबा ठेवतात, मोबाइल काढतात, डबा उचलतात आणि जातात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझा रंग उडाला तरी चालेल, मला पुन्हा कुणी रंगवू नका. पण कधी गिरणीवर आलात, तर क्षणभर मान वर करा. आणि ज्याने बावीस वर्षं दुसऱ्यांसाठी जागा शोधल्या, त्याच्या घरी एकदा साडेपाचला जाऊन बसा. शिक्षण लागत नाही, ओळख लागत नाही, अनुभवाची अट नाही.