दोन बोटं खाली

मी एक जुनी खुर्ची आहे. निदान मला तरी तसं वाटतं. मित्रांनो, तुम्हाला हसू येईल, पण आपण नक्की कोण आहोत हे मला इतक्या वर्षांत नीटसं कळलेलं नाही. ज्यांनी मला घडवलं ते मला 'नमुना' म्हणत. घरातली धाकटी नात मला 'आजीची' म्हणते. पाहुणे माझ्याकडे बघतात आणि काहीच म्हणत नाहीत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एक लांबट खोली, एका भिंतीला ओळीनं खिडक्या आणि पायाखाली भुसा. माणसं दोनच, मिस्त्रीकाका आणि त्यांची पुतणी. काका लाकूड कोरत. पुतणी वेत विणायची, पॉलिश करायची आणि दिव्यांसाठी वेताच्या नाजूक टोप्याही बनवायची. सगळं काम हातानं. एकेका खुर्चीला चार-चार महिने लागत आणि श्रीमंत लोक मुकाट्यानं थांबत.

मी मात्र नऊ दिवसांत उभी राहिले, तीही सामानाच्या खोक्यांच्या लाकडातून. माझ्या पाठीवर 'ही बाजू वर' अशी छापील अक्षरं आहेत, आणि ती उलटी आहेत. यावरून माझ्या आयुष्याचा अंदाज करा.

मला बनवलं ते एका बाईंचं माप बसवून बघायला. त्या येऊ लागल्या, सोबत त्यांचा मुलगा. बाईंनी चाळीस वर्षं मशीनवर लोकांचे कपडे शिवून त्याला मोठं केलं होतं. आता मुलाचं छान चाललं होतं, पण आईची पाठ एका बाजूला कलली होती. कुठल्याही खुर्चीत त्या दहा मिनिटांच्या वर टिकत नसत. घरचे सगळे टेबलापाशी जेवत आणि बाई स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानं दोन घास खात. विचारलं की म्हणत, "मला भूकच नाही."

"काका, लाकूड कुठलं, नक्षी कसली, ते तुम्ही ठरवा," मुलगा म्हणाला. "आईला आमच्याबरोबर बसून जेवता आलं म्हणजे झालं."

बाई पाच वेळा आल्या. त्या माझ्यात बसायच्या आणि काका भोवती फिरायचे. कुठे टोचतं, कुठे ताण येतो, विचारत राहायचे. मग करवत, पाचर, खडू. माझा एक पाय कापला. पाठ मागे ढकलली, पुन्हा पुढे ओढली. बाईंचा डावा खांदा उतरलेला, म्हणून माझा डावा हात दोन बोटं खाली घेतला. मला घडवताहेत की मोडताहेत, तेच कळेना. पाचव्या खेपेला बाई अर्धा तास बसल्या आणि म्हणाल्या, "आता बरं वाटतंय." काका खूश झाले. मला वाटलं, चला, आता पॉलिश. पण त्यांनी मला सरळ कोपऱ्यात सारलं आणि अक्रोडाचं लाकूड आणलं.

पुढचे चार महिने मी काय पाहिलं ते सांगते. काका माझ्याजवळ येत, माप घेत आणि त्या अक्रोडाच्या खुर्चीकडे जात. माप माझं, लाड तिचे. तिच्या पाठीवर वेलबुट्टी उमलली. पुतणीनं तिला इतकं घासलं की तिच्यात खिडकी दिसायला लागली. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

डाव्या हाताखालचा खांब कापायची वेळ आली तेव्हा मात्र काका माझ्याकडे आलेच नाहीत. त्यांनी तो उजव्या खांबाला लावला, खूण केली आणि कापला. पन्नास वर्षं ते असंच करत आले होते. मग एक डोळा मिटून त्यांनी दोन्ही हात एका रेषेत आहेत का ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. खरी खुर्ची अशी असते तर, मी मनाशी म्हटलं. म्हणजे वाकडी मीच. तेव्हा मला खूप लाज वाटली.

त्या कारखान्याचा एक नियम होता. खरी खुर्ची गेली की नमुना मोडायचा. कच्च्या लाकडाचं काम काकांच्या नावावर बाहेर जाता कामा नये. पुतणीनं माझ्यावर खडूनं फुली मारली. पण वेत विणताना ती माझ्यावरच बसायची, त्यामुळे "एवढी टोपी होऊ दे, मग मोडते," असं म्हणत तिनं चार दिवस काढले.

पाचव्या दिवशी मुलगा अक्रोडाची खुर्ची घेऊन परत आला, मागोमाग बाई. "काका, हिच्यातही दहाच मिनिटं," तो म्हणाला. "आई तक्रार करत नाही. पण परत ओट्यापाशी जाऊन उभी राहते."

काकांचा चेहरा उतरला. "माझी खुर्ची आजवर कधी परत आली नाही," ते म्हणाले आणि मापाची पट्टी शोधू लागले. बैठक मोजली, पाठ मोजली, पाय मोजले. सगळं बरोबर. तेवढ्यात बाई दमल्यासारख्या दिसल्या म्हणून पुतणी उठली आणि तिनं मला पुढे केलं. बाई बसल्या. चहा आला. टोपीचे टाके कसे घालतात, बाई विचारू लागल्या; शिवणकामातली माणसं, लगेच जमलं. गप्पा रंगल्या.

"आई, तू तासभर बसली आहेस," मुलगा एकदम म्हणाला.

काका पट्टी घेऊन माझ्याजवळ आले. माझा डावा हात मोजला, मग तिचा. आणि भुशात खालीच बसले.

"ते डोळ्याला वाकडं दिसलं असतं," ते हळूहळू म्हणाले. "म्हणून सरळ झालं माझ्या हातून. मला कळलंसुद्धा नाही."

"जाऊ द्या हो," बाई म्हणाल्या. "मलाही सगळे सरळ बस म्हणूनच सांगतात."

आठ दिवसांत दुरुस्त करतो, असं काकांनी सांगितलं. तोवर ही घेऊन जाते, असं बाईंनी सांगितलं. काका गडबडले. "बाई, हे खोक्याचं लाकूड आहे. लोकांसमोर न्यायच्या लायकीचं नाही."

"मला लोकांसमोर नाही, ताटासमोर बसायचंय."

पुतणीनं काकांकडे पाहिलं. मग काकांनीच ओल्या फडक्यानं माझ्यावरची फुली पुसली.

आठ दिवसांनी ते अक्रोडाची खुर्ची घेऊन आले, तेव्हा सगळे जेवत होते. बाई माझ्यात बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. त्यांनी काकांना जेवायला बसवलं. जागा होती ती त्या नव्या खुर्चीतच. काका बसले, डावीकडे कलले, सावरले, पुन्हा कलले. "मला नाही बुवा जमत हिच्यात," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकड्या कामावर खूश झाले.

ती खिडकीशी राहिली, वाचायला. मी टेबलाशी राहिले. त्यातली खरी कुठली आणि नमुना कुठला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाईंना जाऊन तीन वर्षं झाली. माझ्यात कुणालाच नीट बसता येत नाही, तरी मला कुणी हलवत नाही. याचाही अर्थ मला लागत नाही.

मित्रांनो, खुर्च्या ओढू नका, ओल्या ठेवू नका, हे तुम्हाला मोठी माणसं सांगतीलच. माझी विनंती वेगळी आहे. जेवायला बसलात की एकदा मागे वळून ओट्याकडे बघा. तिथे कुणी उभ्यानं खात असेल आणि भूक नाही म्हणत असेल, तर तिचं ऐकू नका.