उजव्या खांद्यावरची भेग

मी पॅडचा एक जुना जोड आहे, मित्रांनो. क्रिकेटपटू पायांना बांधतात तसला पॅड तुम्ही पाहिला असेल. मी खांद्यांवर बसतो. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात, आणि तो ज्याच्या हातात असतो त्याच्या अंगावर सव्वाशे-दीडशे किलोची माणसे धावून येतात. त्या माणसांच्या आणि त्याच्या हाडांच्या मध्ये मी असतो. वर टणक प्लास्टिकचे कवच, आत मऊ फोम आणि छातीवर आवळायचे पट्टे, एवढाच माझा देह.

ओहायोतल्या एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. मर्ना नावाच्या बाईंनी माझे रिव्हेट ठोकले. प्रत्येक जोड पुरा झाला की त्या त्याच्यावर मूठ आपटून बघत. माझ्यावर आपटली आणि म्हणाल्या, "जा बाबा, कुणाची तरी हाडं सांभाळ."

मी लुइझियानातल्या एका कॉलेजात पोहोचलो आणि लायनेल ब्रूसार्डच्या अंगावर चढलो. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. काटकुळा, लांब बोटांचा, आणि एका जागी दोन मिनिटे उभा राहील तर शपथ! तो क्वार्टरबॅक होता. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू व्हायचा. चेंडू कुणाकडे फेकायचा ते त्याला तीन सेकंदांत ठरवावे लागे. चौथ्या सेकंदाला अंगावर डोंगर कोसळे. सामन्यापूर्वी तो माझ्यावर बोटांनी सारखा ताल धरायचा. ती चुळबुळ हळूहळू माझ्यातही उतरली.

पुढे उत्तरेकडच्या एका व्यावसायिक संघाने त्याला घेतले. तिथे नवे कोरे पॅड रांगेने टांगलेले होते. लायनेलने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "याला माझं अंग माहीत आहे," असे म्हणून त्याने पिशवीतून मलाच बाहेर काढले. मित्रांनो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता. तो अभिमान किती महागात पडणार होता, हे मला कुठे ठाऊक होते?

दोन वर्षे आम्ही मैदानाच्या कडेला बसून काढली. लायनेलच्या डोक्यावर टोपी आणि हातात डावांची वही. मला घामाचा थेंबही मिळत नव्हता. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मुख्य क्वार्टरबॅकचा गुडघा पिरगळला आणि कोच हॅन्रॅटी ओरडले, "ब्रूसार्ड! टोपी फेक, हेल्मेट घाल! बघतोयस काय?"

तो सामना आम्ही जिंकला. मग पुढचा, त्याच्या पुढचा, असे ओळीने सहा. ते शहर वेडे झाले. बेकरीवाल्याने लायनेलच्या जर्सीच्या आकड्याचे डोनट काढले. हमरस्त्यावर त्याचे तीन मजली चित्र लागले. सामना संपला की सोबती माझ्यावर इतक्या थापा मारायचे की मी तासभर झणझणत राहायचो.

पुढच्या वर्षी काय बिघडले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. लायनेलला चेंडू सोडायला अर्धा सेकंद उशीर होऊ लागला. एका रविवारी त्याच्या पाच फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या. ज्यांनी त्याच्या नावाने गाणी म्हटली होती तेच लोक गॅलरीतून ओरडू लागले.

"ए ब्रूसार्ड, आपल्या जर्सीचा रंग कुठला ते तरी विचारून घे!"

"तू बस, तुझ्या ममाला पाठव फेकायला!"

हमरस्त्यावरचे चित्र उतरले आणि तिथे एक दंतवैद्य हसू लागला. एका मंगळवारी सकाळी निरोप आला, "कोच बोलावताहेत. डावांची वही घेऊन ये." वही परत मागितली म्हणजे संघातून काढले, हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. लायनेलने आपले सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरले. सगळ्यात वर मी होतो.

त्यानंतर सात वर्षांत पाच संघ झाले. बर्फाचे शहर, वाळवंटातले शहर, समुद्रकाठचे शहर. माझ्यावर निळी जर्सी आली, नारिंगी आली, तपकिरी आली. सोमवारी बोलावणे यायचे आणि कधी कधी शनिवारीच नारळ मिळायचा. भाड्याच्या घरात लायनेल खोकी उघडतच नसे. त्याची आई ओदील फोनवर विचारी, "बाळा, या आठवड्यात गंबोच्या रश्श्याचा डबा कुठल्या पत्त्यावर पाठवू? मागचा तुझ्या जागी आलेल्या पोराने खाल्ला म्हणे!"

वाळवंटातल्या शहरात एकदा त्याने एकवीस गुणांची पिछाडी भरून काढली होती. त्या आठवड्यात तो झोपेतही हसत होता. पुढच्या रविवारी तो पुन्हा बाकावर. खाली पडणे त्याला एक वेळ सोसले असते. पण हे वर-खाली, वर-खाली त्याला स्वस्थ बसू देईना. आणि जे कधी बदलत नव्हते असा त्याच्यापाशी मीच एकटा उरलो होतो.

शेवटचा संघ मोठ्या तळ्याकाठचा होता. तिथले साहित्य गस पेल्की सांभाळत. बासष्ट वर्षांचे, जाड भिंगाचा चष्मा, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. त्यांनी माझे पट्टे बदलले, स्क्रू आवळले. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी त्यांनी मला दिव्याखाली धरले आणि हाक मारली.

"लायनेल, इकडे ये. हे बघ."

"ओरखडा आहे तो."

"ओरखड्यात नख जात नाही. ही भेग आहे. आणि तीही उजव्या खांद्यावर, तुझ्या फेकीच्या हातावर. आतला फोम दाब. दाब ना! उठतोय का परत? मेलाय तो."

"गस, ते सहा सामने मी याच्यातच जिंकले."

"सहा सामने तू जिंकलास, गाढवा! हा नुसता तुझ्या अंगावर बसला होता."

लायनेल हसला, पण त्याची बोटे माझ्यावर ताल धरू लागली. गसनी मला मोडीच्या खोक्यात टाकले आणि त्याच्या हातात नवा जोड दिला.

खरे सांगतो मित्रांनो, त्या खोक्यात मला वाईट वाटले आणि हायसेही वाटले. ती भेग मला केव्हाचीच जाणवत होती. प्रत्येक धडकेला ती तीळतीळ वाढत होती. पण मला तोंड कुठे होते?

नव्या जोडात लायनेलच्या फेकी आखूड पडू लागल्या. त्यातच मुख्य क्वार्टरबॅकचा घोटा सुजला. रविवारचा सामना जिंकला तर संघ बाद फेरीत जाणार होता, आणि खेळणार होता चौतीस वर्षांचा लायनेल. अशी संधी पुन्हा येणार नाही, हे त्याला कळत होते. शुक्रवारी दुपारी गस जेवायला गेले असताना त्याने खोक्यात हात घातला.

रविवारी त्याने कुणी यायच्या आत मला चढवले आणि वरून जर्सी ओढली. मैदानावर निघताना गसनी नेहमीप्रमाणे त्याच्या खांद्यावर थाप मारली. माझ्यातून पोकळ, फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. गसनी तो लगेच ओळखला.

"लायनेल, काढ तो."

"आता वेळ नाही, गस."

मध्यंतराला गस नवा जोड घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले. आमचा संघ तीन गुणांनी पुढे होता.

"पाया पडू का तुझ्या? बदल."

"जमतंय ना सगळं? मग हात लावू नकोस!"

शेवटची पाच मिनिटे उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे पडलो होतो. लायनेल मागे सरकला. डावीकडे कुणी मोकळे नव्हते. उजवीकडे, अगदी दूर, एक हात वर झाला. त्याने चेंडू सोडला, आणि त्याच क्षणी एक धिप्पाड माणूस माझ्यावर येऊन आदळला. बसलेला धक्का सगळीकडे पसरवून सौम्य करायचा, हे माझे एकमेव काम. ते मला करता आले नाही. भेग उघडली, कवच दुभंगले आणि सगळा भार एका हाडावर गेला. ते हाड मोडल्याचा आवाज माझ्याइतक्या जवळून कुणीच ऐकला नाही.

चेंडू पोहोचला होता, आम्ही पुढे गेलो होतो. साठ हजार माणसे उभी राहून ओरडत होती. गवतावर पडलेल्या लायनेलने हात उंचावायचा प्रयत्न केला. हात हलला नाही.

डॉक्टरांनी माझे पट्टे कात्रीने कापले. गसनी मला उचलून लायनेलच्या सामानात ठेवले.

दुसऱ्या दिवशी ओदील लुइझियानाहून आली. इस्पितळातल्या त्याच्या सामानात मला बघताच ती भडकली. "हे भंगार अजून इथेच? याने माझ्या पोराचा खांदा खाल्ला. जाळून टाका आधी!"

"त्याचा दोष नाही, ममा," लायनेल म्हणाला. "गसने मला सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. मीच ऐकलं नाही."

"मग तुला जाळू का?" असे म्हणून ओदीलने डबा उघडला आणि त्याला चमच्याने भरवू लागली.

हाड जुळले, पण आतली नस दुखावली ती दुखावलीच. चेंडू वीस पावलांपुढे जाईना. फोन वाजायचे थांबले. पहिल्या शहरातल्या एका हॉटेलवाल्याला मात्र मी हवा होतो. गल्ल्याच्या वर काचेच्या पेटीत मला टांगायचे आणि खाली 'सहा विजय' असे लिहायचे, असा त्याचा बेत होता. लायनेल पंधरा दिवस घरात येरझाऱ्या घालत होता. मग एका सकाळी त्याने मला गाडीत टाकले आणि अकरा तास गाडी चालवून गसचे दार गाठले.

"काप याला," तो म्हणाला.

"काय?"

"मधोमध काप. आतलं दिसलं पाहिजे. माझ्यासारखे किती आहेत तुझ्याकडे?"

"अडेलतट्टू? या घटकेला चार." गसनी चष्मा पुसला. "नक्की ना?"

लायनेलने डाव्या हाताने मला टेबलावर घट्ट दाबून धरले. गसनी करवत लावली. दुखले का, असे तुम्ही विचाराल. त्या रविवारी जे दुखले, त्याच्यापुढे हे काहीच नव्हते.

आता मी अर्धा होऊन गसच्या टेबलावर पडलेला असतो. गेल्या ऑगस्टमध्ये एक आडदांड खेळाडू आपला जुनाट जोड छातीशी धरून भांडत आला, "हा माझा लकी आहे, बदलणार नाही!" गसनी त्याच्याशी वाद घातला नाही. मला त्याच्या हातात दिले आणि आतला फोम दाबायला सांगितले. फोमची पूड होऊन त्याच्या बुटांवर सांडली. मग त्याने आपला जोड मुकाट्याने टेबलावर ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा. त्यांना पुसा, जपा, वेळच्या वेळी दुरुस्त करा. पण वस्तू थकली की तिला निरोप द्यायलाही शिका. आमच्यात तुमचे नशीब नसते. आम्ही फक्त तुमच्यासाठी मार खातो, आणि एक दिवस तेही आम्हांला झेपत नाही. आम्हांला बोलता येत नाही. फार तर आमचा आवाज बदलतो. तो ओळखणारे माणूस तुमच्याजवळ असेल, तर त्याचे पहिल्यांदाच ऐका.